भाषेची खिरापत

तालुक्याच्या गावातला एसटी स्टँड म्हणजे गावाचं चालतंबोलतं वर्तमानपत्रच असतं. पूर्वी स्टँडसमोरच्या भिंतीवर टायपिंग, शिवणक्लास आणि एमएससीआयटीच्या जाहिराती असायच्या. आता त्यांच्या शेजारी ‘जर्मन शिका’, ‘जपानी शिका’ असे फलक दिसू लागलेत. त्याला कारणंही तशीच घडली. वृद्धांची शुश्रूषा आणि इतर काही कामांसाठी कुशल माणसं पाठवण्याबाबत भारत आणि जपान यांच्यात २०२१ मध्ये करार झाला. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबद्दल करार केला. त्याच्या बातम्या आल्या आणि ज्या घरात ‘फॉरिन लँग्वेज’ हा शब्द फक्त पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकू यायचा, त्या घरातली जीएनएम झालेली मुलगी विचारू लागली, ‘‘आई, मी जर्मन लावू का?’’

लावू दे की! आपल्या मुलींनी जग बघायचं नाही तर कुणी बघायचं? पण मैत्रिणींनो, क्लासला घालायच्या आधी, आणि घातल्यावर तर नक्कीच, त्या क्लासमध्ये शिकवतात कसं हे एकदा डोकावून बघा. फी भरताना आपण साडीच्या दुकानात करतो तेवढीही चौकशी करत नाही.

महिला मंडळाच्या कामामुळे अशा दहा-बारा मुलींशी माझं नेहमी बोलणं होतं. त्यांच्या वह्या बघितल्या की वाटतं, आपण संस्कृतची रूपं घोकत होतो तेच पुन्हा चाललंय. सुबक अक्षरातले तक्ते, लाल पेनाने आखलेल्या चौकटी, शब्दांच्या पानंच्या पानं याद्या. ‘देर, दी, दास’ तोंडपाठ. पण ‘‘तुझ्या आईबद्दल चार वाक्यं बोल बाई,’’ म्हटलं की मुलगी ओढणीच्या टोकाशी खेळायला लागते. जपानी शिकणाऱ्यांचं तर आणखीच वेगळं. जपानी भाषेची जी जेएलपीटी परीक्षा असते, तिच्या एन-५ पासून एन-१ पर्यंतच्या पाचही पातळ्यांवर तोंडी परीक्षाच नाही. वाचायचं, ऐकायचं आणि पर्याय निवडायचा. त्यामुळे प्रमाणपत्र हातात आणि जीभ टाळूला चिकटलेली, असं सहज होऊ शकतं. जर्मनसाठीच्या ग्योथं इन्स्टिट्यूटच्या परीक्षेत (आपण तिला मॅक्सम्युलर भवन म्हणून ओळखतो) ऐकणं, वाचणं, लिहिणं यांच्या जोडीला बोलणंही असतं. तिथं मग घोकंपट्टी उघडी पडते.

तर मग बोलायला शिकवायचं कसं? जगभरचे चांगले भाषाशिक्षक यासाठी एक जुनीच युक्ती वापरतात. ती म्हणजे सण. ज्या देशाची भाषा, त्या देशाचा सण वर्गात साजरा करायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? इथंच तर घोळ आहे.

कारण आपल्याकडे ‘सण साजरा करणं’ म्हणजे काय झालंय, हे इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल असलेल्या कोणत्याही आईला विचारा. डिसेंबर आला की शाळेतून चिठ्ठी येते. लाल कपडे, कापसाची दाढी, पुठ्ठ्याचं घर. रात्री अकरा वाजता आई फेव्हिकॉल लावत बसते, मूल झोपलेलं असतं आणि बाबा मेडिकलच्या दुकानात कापूस शोधत असतात. दुसऱ्या दिवशी फोटो निघतात, ते पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात, आपण अंगठा दाखवतो. संपलं! त्या सगळ्या दिवसात मूल त्या भाषेतली किती वाक्यं बोललं? बहुतेक एकच, आणि तेही ‘मेरी ख्रिसमस’. याला मी सण म्हणत नाही आणि भाषेचा तास तर मुळीच म्हणत नाही. तो नुसता फॅन्सी ड्रेस झाला.

माझी कसोटी अगदी साधी आहे. सणातला जो खेळ किंवा जी कृती आहे, ती तोंड उघडल्याशिवाय पूर्ण होते का? होत असेल तर भाषेच्या वर्गात तिचा फारसा उपयोग नाही. होत नसेल, तर ती सोन्यासारखी!

आपल्या भोंडल्यातली खिरापत आठवा. गाणी म्हणून झाली की झाकलेला डबा मध्ये येतो. ‘गोड की तिखट?’, ‘तळलेलं की उकडलेलं?’, ‘ओल्या नारळाचं का?’ असे प्रश्न विचारल्याशिवाय डबा उघडत नाही. परक्या माणसाला मराठी शिकवायचं असेल तर यापेक्षा चांगला धडा कोणता? चवीची विशेषणं, स्वयंपाकातली क्रियापदं, प्रश्न विचारण्याची पद्धत, सगळं त्या एका डब्यात. आणि कुणालाही आपण व्याकरण शिकतोय असं वाटत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष वडीकडे!

फ्रान्समध्ये अशीच एक खिरापत आहे. सहा जानेवारीच्या आसपास तिथं ‘गालेत दे रुआ’ नावाचा पापुद्र्यांचा गोल केक खातात. नावाचा अर्थ राजांचा केक. येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांची ही आठवण. केकच्या आत एक छोटी वस्तू लपवलेली असते. तिला ‘फेव’ म्हणतात, म्हणजे शेंगेतला दाणा. पूर्वी खराच दाणा घालत, आता चिनीमातीची इवलीशी बाहुली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल, तो त्या दिवसाचा राजा किंवा राणी. आता गंमत बघा. वाटणी करताना लबाडी होऊ नये म्हणून घरातलं सर्वांत लहान मूल टेबलाखाली जाऊन बसतं. मोठं माणूस एकेका तुकड्यावर सुरी ठेवून विचारतं, ‘‘सॅ पूर की?’’ म्हणजे ‘हा कोणासाठी?’ आणि टेबलाखालून उत्तर येतं, आईसाठी, आजोबांसाठी, मावशीसाठी. दहा माणसं असतील तर तोच प्रश्न दहादा आणि नात्यांचे दहा शब्द! फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात एवढं जरी केलं, केकच्या जागी शिऱ्याच्या वड्या ठेवल्या आणि एकीत अख्खा बदाम दडवला, तरी ‘कोणासाठी’ हा प्रयोग मुलं जन्मभर विसरणार नाहीत. तक्त्यातून तोच शिकवायला दोन तास लागतात आणि आठवड्याने पुसून जातो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६० च्या दशकात सूचना ऐकून हातापायांनी कृती करत भाषा शिकण्याची एक पद्धत मांडली. ‘ऊठ, दार उघड, कप दे’ असं ऐकायचं आणि करायचं. पुस्तकात ती पद्धत म्हणून आली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला शंखशिंपले, बिया, पानं-फुलं यांतून आदिवासी मुलांना शिकवत होत्या, त्यांनाही हे ठाऊकच होतं. हात चालला की तोंड चालतं. आपण बायका स्वयंपाकघरात मुलीला पुरणपोळी शिकवतो तेव्हा दुसरं काय करतो?

जपानी सणांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण जपानी म्हटलं की आपल्या मुली त्या चित्रासारख्या लिपीला घाबरतात आणि भाषेतला आपलेपणा त्यांना कुणी दाखवतच नाही.

सात जुलैला जपानात ‘तानाबाता’ असतो. ही गोष्ट मूळची चीनची. आकाशातली एक विणकर राजकन्या आणि एक गुराखी प्रेमात इतके बुडाले की कामधाम विसरले. मग देवाने त्यांच्यामध्ये आकाशगंगा आणून ठेवली. वर्षातून एकदाच, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, त्यांची भेट. ही राजकन्या म्हणजे आपली अभिजित ही चांदणी आणि गुराखी म्हणजे श्रवण नक्षत्रातला ठळक तारा. श्रावण हे नाव ज्या श्रवणावरून आलं, तोच हा! जपानी लोक या दिवशी रंगीत कागदाच्या लांबट पट्ट्यांवर आपली इच्छा लिहितात आणि बांबूच्या फांदीला बांधतात.

आता भाषेच्या दृष्टीने बघा. जपानीत या चिठ्ठीवरचं वाक्य ठरावीक पद्धतीने संपतं. क्रियापदाच्या शेवटी ‘मासु यो नि’ येतं. ‘हाहा गा गेन्कि नि नारिमासु यो नि’ म्हणजे ‘आई बरी होवो’. हे ‘होवो’ मराठीत आपण कधी वापरतो सांगा बरं? रोजच्या बोलण्यात जवळजवळ नाहीच. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणून ओवाळताना किंवा आशीर्वाद देताना. म्हणजे टळो, येवो, होवो, लाभो ही क्रियापदांची रूपं आपल्याकडेही सणांनीच सांभाळून ठेवलीत! मराठी व्याकरणात हा विध्यर्थ की आज्ञार्थ यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. मुलीला एवढं सांगितलं पुरे की बाई, जे तू पाडव्याला ओवाळताना म्हणतेस, तेच जपानी माणूस तानाबाताला लिहितो. अर्ध्या तासाच्या आत वर्गातली प्रत्येक मुलगी स्वतःचं एक खरं वाक्य लिहिते. पुस्तकातलं नव्हे, स्वतःचं. कुणाला पोलीस भरतीत निवड हवी असते, कुणाला भावाची दारू सुटायला हवी असते. अशी वाक्यं विसरत नाहीत हो.

त्याच वाक्यातला ‘हाहा’ शब्दही बघण्यासारखा आहे. दुसऱ्याशी बोलताना स्वतःच्या आईला ‘हाहा’ म्हणायचं आणि समोरच्याच्या आईला मानाने ‘ओकासान’. आपली ती साधी आणि तुमच्या त्या मातोश्री! ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांत वाढलेल्या मुलीला हे समजावायला वेळ लागत नाही. इंग्रजीतून जपानी शिकवणाऱ्याला मात्र पानभर टीप द्यावी लागते. शब्दांचा क्रमही आपल्यासारखाच. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. ‘मी भात खाते’ याचं जपानी करताना शब्द इकडचे तिकडे करावे लागत नाहीत. जर्मनमध्ये तो, ती, ते अशी तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रजी बोलणारे कपाळाला हात लावतात. आपण तर डबा तो, वही ती आणि दप्तर ते असं बोलतच लहानाचे मोठे झालो. कोणतं नाम कोणत्या लिंगाचं हे पाठ करावंच लागतं, ते सुटत नाही. पण निर्जीव वस्तूला ‘ती’ म्हणायचं याचं आपल्याला नवल वाटत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते. ‘आमचं इंग्लिश कच्चं आहे, आम्हाला जर्मन कसं जमणार’ हा न्यूनगंड त्यांच्या मनात क्लासवालेच भरवतात, कारण त्यांना स्वतःला इंग्रजीतूनच शिकवता येतं.

जपानचा आणखी एक सण, सेत्सुबुन. तो फेब्रुवारीच्या सुरुवातीला, बहुतेक वर्षी तीन तारखेला येतो. भाजलेले सोयाबीन दाराबाहेर आणि घरात फेकत ओरडायचं, ‘ओनि वा सोतो, फुकु वा उचि’. राक्षसा बाहेर हो, भाग्या आत ये. नागपूरच्या मैत्रिणी लगेच म्हणतील, अगं हे तर आमचं मारबतीचं! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर रोगराई आणि इडापिडा गावाबाहेर घालवण्यासाठी तिथं असाच आरडाओरडा होतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री केरसुणीने अलक्ष्मी बाहेर काढणाऱ्या घरांनाही हे नवीन नाही. मग वयाइतके दाणे मोजून खायचे. इथं आकडे आले. सोयाबीन नको असतील तर फुटाणे चालतील. पण मोजायचं जपानीतच, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडच्या बेचाळीस वर्षांच्या बाईंनी हे केलं तर त्या संध्याकाळपर्यंत मोजत बसतील म्हणा!

जर्मन शिकणाऱ्यांसाठी डिसेंबरचा महिना फार कामाचा. नाताळाच्या आधीचे चार रविवार तिथं ‘आडव्हेंट’ म्हणून पाळतात आणि हिरव्या फांद्यांच्या वर्तुळावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढवतात. या प्रथेचा उगम मला फार आवडतो. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखेर्न नावाचे धर्मोपदेशक गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवत. ‘नाताळ कधी, किती दिवस राहिले?’ असं मुलं सारखी विचारायची. तेव्हा १८३९ मध्ये त्यांनी एका लाकडी चाकावर रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. मुलांनीच मोजायचं. म्हणजे ही रीत जन्मालाच आली ती मुलांना दिवस मोजायला शिकवताना! पुढे चोवीस खिडक्यांचं कॅलेंडरही घरोघर आलं. वर्गात एका पुठ्ठ्यावर काड्यापेटीचे चोवीस खण चिकटवा. रोज एका मुलीने एक खण उघडायचा आणि आज पहिला, दुसरा, तिसरा दिवस हे जर्मनमध्ये सांगायचं. ‘एर्स्टे, त्स्वाइटे, ड्रिटे’ हे क्रमवाचक आकडे भल्याभल्यांना छळतात. चोवीस दिवसांत ते आपोआप जिभेवर बसतात. खणात चॉकलेटच हवं असं काही नाही. एक नवा शब्द लिहिलेली चिठ्ठी आणि लिमलेटची गोळी, बास.

सणच कशाला, रीतीभातीही चालतात. जर्मनीत पहिलीत जाणाऱ्या मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी रंगीत पुठ्ठ्याचा एक मोठा कोन देतात, ‘शूलट्यूटे’. कधी कधी तो मुलाच्या निम्म्या उंचीचा असतो. आत खाऊ, पेन्सिली, खोडरबर, लहानसहान खेळणी. आपल्याकडे जूनमध्ये असा एक कोन करून आत वस्तू घातल्या आणि डोळे मिटून, चाचपून ‘देर ब्लाइश्टिफ्ट’, ‘दास हेफ्ट’, ‘दी शेरे’ असं ओळखायला लावलं, की पेन्सिल, वही आणि कात्री लिंगासकट पाठ. कात्री दोन्हीकडे ‘ती’च आहे, हे मुली स्वतःच शोधून काढतात आणि खूश होतात.

आता एक प्रश्न, जो मला प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी विचारतंच. ‘‘ताई, आपले सण राहिले बाजूला आणि त्यांचे कशाला? मुली वाहवत जायच्या.’’ विचारणाऱ्या बाईच्या पोटात खरी काळजी असते, म्हणून मी ती हसण्यावारी नेत नाही. सण समजून घेणं आणि पूजा करणं यांत फरक आहे आणि शिक्षकाने तो आधीच स्वच्छ सांगावा. वर्गात प्रार्थना करायची नाही, कुणावर कसली सक्ती नाही. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं तेव्हा एकमेकांच्या भाषा शिकायच्या आणि रीतिरिवाज जाणून घ्यायचे, हेच त्यांच्या मनात होतं. गुरुजींचं ते भारतापुरतं होतं, एवढंच.

पण मला त्या ताईंना दुसरंच काही सांगायचं असतं. तुमची मुलगी नर्स म्हणून जर्मनीत जाणार. तिथं परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला साधारण बी-२ पातळीची भाषा मागतात. ती परीक्षा ती पासही होईल. पण वॉर्डात तिच्यासमोर ऐंशी वर्षांची आजी असणार आहे. ताप किती, गोळी घेतली का, दुखतंय कुठं, हे पुस्तकातलं बोलणं पाच मिनिटांत संपतं. मग ती आजी काय बोलणार? लहानपणी आईबरोबर केलेल्या नाताळच्या बिस्किटांबद्दल, अकरा नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशी हातात कंदील घेऊन केलेल्या फेरीबद्दल. आपल्या आज्या नाही का, सकाळचं जेवण विसरतात पण माहेरची गौर लख्ख आठवते! जपानात तर सप्टेंबरचा तिसरा सोमवार खास वृद्धांच्या सन्मानाचा दिवस आहे, सरकारी सुट्टीचा. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मुलीला त्या दिवशी चार शब्द बोलता आले नाहीत तर ती नुसती अंथरुणं बदलणारी ठरेल. म्हणून वर्गातला सण ही शोभेची गोष्ट नाही. तिच्या नोकरीचा तो भाग आहे. परक्या गावात पहिल्या हिवाळ्यात एकटीने राहताना शेजारणीशी बोलायला तिच्याकडे काहीतरी असायला हवं, हेही त्यात आलंच.

आणि उलट बाजूने, ती आजी विचारणारच, ‘‘तुमच्याकडे काय असतं गं?’’ इथं आपल्या मुली साफ अडकतात. भाषेच्या परीक्षांतही ‘तुमच्या देशातल्या सणाबद्दल सांगा’ हा नेहमीचा विषय. उत्तर काय येतं? ‘गणेशोत्सव हा मोठा सण आहे. आम्ही आनंदाने साजरा करतो.’ पूर्णविराम! अगं, उकडीचा मोदक कसा करतात ते सांग ना. तांदळाच्या पिठाची उकड, ओलं खोबरं आणि गूळ यांचं सारण, बोटांनी पाडलेल्या कळ्या, मग वाफ. हे जर्मनमध्ये सांगायला पीठ, नारळ, मळणे, भरणे, वाफवणे एवढे शब्द लागतात आणि ते कोणत्याही पुस्तकात एका जागी मिळत नाहीत. ते मुलीनेच जमवायचे. गुळाला तर तिकडे धड शब्दच नाही, उसाच्या रसाची घट्ट साखर असं काहीतरी फोड करून सांगावं लागतं. असं फोड करून सांगणं जमलं, म्हणजे भाषा येऊ लागली समजा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की परभाषेच्या वर्गात निम्मे सण त्यांचे असावेत आणि निम्मे आपले, पण बोलायचं मात्र त्यांच्या भाषेत. आपले सण मागे पडतील ही भीती मग कुठे राहते?

सणांवर सगळीच भिस्त ठेवूनही चालत नाही, हेही सांगायला हवं. मॉरिशसचं उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या आपल्या माणसांचे वंशज तिथं आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आरत्या तोंडपाठ, कोकणच्या जाखडीतून आलेलं ‘झाकरी’ नृत्य आजही होतं. शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात. पण घरात रोजचं बोलणं बहुतेक क्रिओल भाषेत. सणाने मराठीचा धागा दीडशेहून जास्त वर्षं तुटू दिला नाही, ही केवढी मोठी गोष्ट! तरी नुसत्या आरतीने बोलता येत नाही. सणातून घेतलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी दुकानात, बसमध्ये, भांडणात वापरलं गेलं पाहिजे.

अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, बहुतेक ठिकाणी आपल्यासारख्याच आया सुट्टीच्या दिवशी शिकवतात. तिथं वाढलेल्या मुलांसाठी मराठी ही जवळजवळ परभाषाच. भोंडला त्यांच्या फार कामाला येतो, एक तर खिरापतीमुळे आणि दुसरं म्हणजे नात्यांमुळे. इंग्रजीतल्या एका ‘सिस्टर-इन-लॉ’मध्ये आपली जाऊ, नणंद, वहिनी आणि मेहुणी अशा चौघी कोंबलेल्या असतात. भोंडल्याची गाणी म्हटली की चौघी सुट्या होतात. (त्या गाण्यांतलं सासर बदलायला हवं हे खरं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

करायचं झालं तर खर्च फारसा नाही. वर्षाला चार सण पुरेत. दर महिन्याला एक ठेवला की पुन्हा तोच फॅन्सी ड्रेस व्हायला लागतो. सणाच्या आधीच्या आठवड्यात शब्द द्यावेत, त्या दिवशी मराठी-इंग्रजीला तासभर सुट्टी द्यावी आणि नंतर प्रत्येकीने पाच ओळी लिहून दाखवाव्यात. सजावट विकत आणू नये, ती करताना ‘कात्री दे’, ‘डिंक संपला’ हे बोलणं त्या भाषेतच व्हावं. आणि एक कृपा करा. जपानी दिवस म्हणून मुलींना डोळे बारीक करायला लावून, वाकून वाकून हसू नका. असा प्रकार मी एका संमेलनात पाहिला आहे. उद्या कुणी आपल्या नऊवारीची अशी टिंगल केली तर आपल्याला चालेल का?

तानाबातापासून सुरुवात करायला हरकत नाही. सात जुलै म्हणजे शाळा-कॉलेजं नुकती सुरू झालेली, नवी तुकडी आलेली. बांबूची फांदी आपल्याकडे बुरूडआळीत नाहीतर कुणाच्याही बांधावर मिळते. घोटीव कागदाच्या पट्ट्या कापा, वरच्या टोकाला भोक पाडून दोरा ओवा. पावसाचे दिवस असल्यामुळे फांदी अंगणात न लावता ओसरीवर किंवा वर्गातच खुर्चीला बांधा. बॉलपेनने लिहायला सांगा, शाईपेनाचं ओल्या हवेत पसरतं. जपानात सण झाल्यावर या पट्ट्या नदीत सोडायची जुनी चाल होती. आपण मात्र नदीत टाकू नयेत, आपल्या नद्यांना तेवढं पुरे झालंय. एका पाकिटात घालून वर्ष लिहून ठेवा आणि पुढच्या जुलैत नव्या मुलींना त्या वाचायला द्या. वाचता वाचता त्या चुकाही काढतीलच.